परमुलखात जाणारा पलंग

लाकडाच्या धंद्यातली माणसे विखुरलेली असतात. झाड तोडणारा डोंगरात, कापणारा गिरणीवर, विकणारा पेठेत आणि घडवणारा आपल्या पडवीत. या सगळ्यांना एका बिरादरीत कसे गुंफायचे, याचे एक उत्तर अमेरिकेने 1892 साली शोधले. आर्कान्सा राज्यातल्या गर्डन या लहान गावी 21 जानेवारीला गाडीची वाट पाहत खोळंबलेल्या काही लाकूड-व्यापाऱ्यांनी आणि त्या धंद्याच्या पत्रकारांनी ‘हू-हू’ नावाचे मंडळ स्थापन केले. काळे मांजर हे त्याचे चिन्ह, नऊ हा त्याचा आवडता आकडा आणि ‘स्नार्क’ ही अध्यक्षाची पदवी. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे शाखा निघाल्या आणि एका देशातल्या शाखेचा प्रतिनिधी दुसऱ्या देशातल्या अधिवेशनाला जाऊ लागला. धाराशिव जिल्ह्यात असे मंडळ नाही. मात्र याच प्रश्नाचे दुसरे उत्तर इथे दर आश्विनात दाराशी येते. त्या उत्तरात प्रतिनिधी म्हणून माणूस दुय्यम असतो, पुढे जाते ती लाकडाची वस्तू. तुळजाभवानीचा पलंग आणि पालखी ही ती वस्तू. व्यवसायाची बिरादरी कशी टिकते, हे गर्डनपेक्षा तुळजापूर अधिक चांगले शिकवते, असे माझे म्हणणे आहे.

तुळजाभवानीची पाषाणमूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलवता येते. वर्षातून तीनदा देवी निद्रेला जाते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. महिषासुराशी नऊ दिवस लढून थकलेल्या देवीची विश्रांती ती श्रमनिद्रा, अशी श्रद्धा आहे. सीमोल्लंघनाच्या वेळी मूर्तीला 108 साड्यांचे दिंड बांधतात, पालखीत बसवून पिंपळपाराची प्रदक्षिणा घालतात आणि मग पलंगावर निजवतात. मंदिराचा इतिहास, शिलालेख, राजघराण्यांची दाने यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ही पालखी आणि हा पलंग तुळजापुरात तयार होत नाहीत, या गोष्टीकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. पलंग पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावात घडतो. पालखी राहुरीत तयार होऊन नगरजवळच्या बुऱ्हाणनगरच्या मानकऱ्यांबरोबर निघते. तिच्यामागे जानकोजी या तेली भक्ताची कथा सांगितली जाते. घोडेगाव ते तुळजापूर हे अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक आहे.

खरी गंमत या वाटणीत आहे. घडवण्याचा मान एका गावाचा, नेण्याचा दुसऱ्याचा, वाटेत पूजेला उतरवून घेण्याचा तिसऱ्याचा आणि स्वीकारण्याचा तुळजापूरचा. जुन्नर आणि नगरकडून आलेला पलंग आणि बुऱ्हाणनगरहून निघालेली पालखी यांची भेट भिंगारला होते, मग दोन्ही तुळजापूरची वाट धरतात. यातले एकही गाव एकट्याने हे काम पुरे करू शकत नाही. घोडेगावाने हात आखडला तर देवीला निजायला नवा पलंग नाही, बुऱ्हाणनगर थांबले तर सीमोल्लंघन अडले. प्रत्येक कडी दुसरीवाचून निरुपयोगी ठरावी अशीच ही साखळी जोडलेली आहे. शिवाय 1948 पर्यंत हा प्रवास अक्षरशः परराज्यातला होता. घोडेगाव आणि नगर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, तर तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिकडे हाली शिक्क्याचे चलन, टपाल वेगळे, सरहद्दीवर करोडगिरीचे नाके. दोन राजवटींमधली ही रेघ ओलांडून पश्चिमेकडच्या कारागिरांचे काम मराठवाड्यात येत राहिले. पुढे राजवट बदलली, 1960 साली महाराष्ट्र झाला, 2023 साली जिल्ह्याचे नाव बदलले. मानाची वाटणी मात्र या कशानेही मोडली नाही.

वस्तूच प्रतिनिधी असली की काय होते, हे सुताराच्या नजरेने पाहावे. पलंग म्हणजे चार खूर, दोन लांब गाते आणि दोन आडवे. त्यांना धरून ठेवणारी ती कूस, म्हणजे लाकडाचे तासलेले टोक, आणि ते जिच्यात बसते ती खाच. लाकूड हवेतली ओल पिते आणि सोडते. धाग्याच्या दिशेने ते जवळपास बदलत नाही, पण आडव्या अंगाने फुगते आणि आक्रसते. भाद्रपदात सह्याद्रीकडच्या दमट हवेत बसवलेली कूस बालाघाटाच्या कोरड्या डोंगरावर आली की सैल पडू शकते. लाकूड नीट मुरलेले नसेल, आखणीत दोऱ्याइतकी चूक असेल, तर तीनशे किलोमीटरचे हेलकावे ती उघडी पाडतात. म्हणजे हा प्रवास आपोआपच कामाची परीक्षा घेतो. अधिवेशनाला गेलेला पदाधिकारी गोड बोलून आपल्या गिरणीतल्या वाकड्या फळ्या झाकू शकतो. पलंगाला बोलता येत नाही. गावोगाव लोक त्याला हात लावतात, खांदा देतात आणि शेवटी त्यावर पाषाणाची मूर्ती टेकते. माणूस पाठवणारी संस्था त्याच्या स्वभावावर तरते. काम पाठवणाऱ्या संस्थेला दरवर्षी दर्जा सिद्ध करावा लागतो. आणि पलंग दरवर्षी नवा असल्यामुळे हे कौशल्य आठवणीत न राहता हातात राहते. जपानमध्ये इसे इथले देवालय दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. सातव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या प्रथेची 62 वी खेप 2013 मध्ये झाली. वीस वर्षे म्हणजे शिकाऊ सुतार पुढच्या खेपेला उस्ताद होण्याइतका काळ. तुळजापूरने हे अंतर एका वर्षावर आणले आहे.

यावर पहिला आक्षेप असा की हा देवीचा सोहळा आहे, त्याला धंद्याची बिरादरी म्हणणे ओढूनताणून आहे. पण हू-हूची काळी मांजरे आणि नऊचा आकडा हेदेखील विधीच आहेत. नुसत्या हिशेबावर माणसे फार काळ एकत्र राहत नाहीत, हे त्या व्यापाऱ्यांनाही उमगले होते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मान घराण्यांत वाटलेला आहे, जातींत वाटलेला आहे. बाहेरच्या होतकरू कारागिराला त्यात दार नाही. हे खरे आहे आणि त्याचे समर्थन करू नये. हू-हूनेही सुरुवातीला बायकांना आणि गोऱ्या नसलेल्यांना बाहेर ठेवले होते, म्हणजे कुंपण घालण्याचा दोष आपलाच नाही. पण दुसऱ्याचाही दोष आहे म्हणून आपला गुण होत नाही. मान ज्यांचा त्यांच्याकडे राहू द्यावा, विद्या मात्र मोकळी करावी. पलंग कोणी अर्पण करायचा हे परंपरेने ठरो, तो घडवताना शेजारी बसून शिकायला कोणाही जातीच्या मुलामुलीला मज्जाव नसावा. तिसरा आक्षेप उधळपट्टीचा. दरवर्षी नवे लाकूड कशाला? वर्षाला एक पलंग आणि एक पालखी एवढे लाकूड महाराष्ट्रासारख्या राज्याला जड नाही. त्या बदल्यात टिकणारी विद्या त्याहून मोलाची आहे.

पुढची चिंता मात्र खरी आहे. धाराशिव जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे. येडशीचे रामलिंग अभयारण्य सोडले तर सलग झाडी नजरेस पडणे कठीण. बाभूळ, लिंब, चिंच यांच्यावर इथल्या सुताराने औत, बैलगाडी, चौकटी घडवल्या. औताची जागा ट्रॅक्टरने घेतली, चौकटीची लोखंडाने आणि कपाटाची प्लायवुडने. देशाच्या पातळीवर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात वृक्षतोडीवर आणि विनापरवाना करवत गिरण्यांवर कडक निर्बंध घातले आणि ते आवश्यकच होते. म्यानमारने 2014 मध्ये गोल लाकडाची निर्यात बंद केली. आता सागवान आफ्रिकेतून आणि लॅटिन अमेरिकेतून, तर पाइन न्यूझीलंडमधून कांडला बंदरात उतरते. पेठेतल्या लाकडाचे गाव, वय, मुरण यांची माहिती सुतारापर्यंत येतच नाही आणि ज्या लाकडाची ओळख नाही त्याची कूस बेतणे अवघड. केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतार आहे, हत्यारांसाठी 15,000 रुपये आहेत, कर्जही आहे. पण रंध्यापेक्षा सुताराला गरज आहे ती खात्रीच्या कामाची. दरवर्षी ठरल्या तिथीला अमुक दर्जाचे काम हवेच, अशी मागणी पलंग करतो. बाजार तशी करत नाही.

यावर काय करता येईल, याचे दाखले समोर आहेत. पुरीच्या रथयात्रेसाठी दरवर्षी तीन नवे रथ बांधावे लागतात. जंगल आटत चालल्यावर ओडिशा सरकारने 2000 साली ‘जगन्नाथ वन प्रकल्प’ हाती घेऊन रथाला लागणाऱ्या जातीची झाडे लावायला सुरुवात केली. इसेच्या देवालयाने 1923 मध्ये दोनशे वर्षांचा आराखडा आखून स्वतःचे वन वाढवले आणि 2013 च्या बांधकामात त्यातले लाकूड वापरले. तुळजापूरला एवढे मोठे रान लागणार नाही. पलंग-पालखीच्या वाटेवरच्या गावांनी, घोडेगावपासून तुळजापूरपर्यंत, गायरानात आणि देवस्थानच्या जमिनीत थोडी थोडी झाडे वाढवली, तर पन्नास-साठ वर्षांनी प्रत्येक गावाचे लाकूड पाळीपाळीने पलंगाला लागेल. तेव्हा साखळीत झाड वाढवणाराही मानकरी होईल. आज ती कडी सुटलेली आहे. धाराशिवने शतकानुशतके पलंग स्वीकारला आहे. आता या जिल्ह्याने देणाऱ्यांच्या पंगतीत बसावे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचे काम चालू आहे, यात्रेकरूंच्या सोयींवर खर्च होतो आहे. त्या खर्चात एका रोपवाटिकेची आणि कूस-खाच शिकवणाऱ्या एका कार्यशाळेची तरतूद बसवणे अजिबात अशक्य नाही. सागाला तयार व्हायला दोन पिढ्या लागतात, म्हणून ही रोपे येत्या पावसाळ्यातच लागली पाहिजेत.