रोपे आडवी का होतात?

फेब्रुवारी-मार्चमध्ये गॅलरीतल्या ट्रेमध्ये मिरची, टोमॅटो, झिनियाचे बी पडते. कोंब वर येतात आणि एके सकाळी निम्मी रोपे मातीलगत पिचकून आडवी झालेली दिसतात. बोल लावला जातो बियाण्याला किंवा उन्हाला. कारण बहुतेक वेळा झारीत असते.

शेतकरी याला ‘रोपे कोलमडणे’ म्हणतात. त्यामागे अनेकदा ‘पिथियम’ असतो. दिसायला बुरशीसारखा, पण खरी बुरशी नव्हे. त्याचे बीजाणू चक्क पाण्यात पोहतात, त्यामुळे सतत चिंब माती त्याला फावते. आडवे पडलेले रोप सावरत नाही. ते काढून टाकून शेजारची जपावीत. बी विरळ पेरावे, ट्रेला भोके हवीतच, आणि मातीचा वरचा थर सुकू लागला की मगच सकाळी पाणी द्यावे. मिरची उगवायला दहा-बारा दिवसही घेते; तेवढ्यात धीर सोडून पाणी वाढवू नये.

पाकिटातले बी गुलाबी किंवा निळसर असेल, तर त्यावर बहुधा थायरमसारख्या बुरशीनाशकाचा लेप असतो. ते हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. असे उरलेले बी मुलांच्या हाती लागू देऊ नये, पक्ष्यांनाही टाकू नये.