जुन्या स्पोर्ट बाइकचे टायर-ब्रेक बदलताय? आधी हे बघा

जुनी पल्सर २२० हातात आली की पहिला मोह होतो तो मागे जाडजूड टायर टाकायचा. थांबा! मूळ साइज १२०/८०-१७ आहे. त्याच रिमवर १४० चा टायर चढवला तर त्याचा आकार बिघडतो आणि बाइक वळणावर जड वाटते. साइज तीच ठेवा, रबर ताजं घ्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३५१६ म्हणजे २०१६ चा ३५ वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी इतकं जुनं रबर कडक होऊन पावसात घसरतं.

ब्रेक ऑइलही हवेतला ओलावा शोषतं, मग घाटात लिव्हर स्पंजसारखा दबतो. दर दोन वर्षांनी नवीन डॉट ४ भरा, पॅड तपासा. स्टीलच्या जाळीचा पाइप त्यानंतर.

आता मोबाइलचा टॉर्च लावा आणि टायरवरचे ते चार आकडे वाचून या!