पडक्या वाड्यात पाऊल टाकण्यापूर्वी

मराठवाड्यातल्या एका गढीत मी पेवात पडलो, त्याला आता अकरा वर्षे झाली. देवघराची चौकट फार देखणी होती. ती वरच्या गणेशपट्टीसह एकाच छायाचित्रात यावी म्हणून कॅमेऱ्याला डोळा लावून मी एकेक पाऊल मागे सरकत होतो. तिसऱ्या की चौथ्या पावलाला टाचेखालची फरशी कलली आणि मी काखेपर्यंत जमिनीत गेलो. दोन्ही कोपरे काठावर अडकली म्हणून वाचलो. गढी दाखवायला आलेल्या आजोबांनी मला वर ओढले, प्यायला पाणी दिले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, आमीबी त्याचं तोंड दिवसभर उघडं ठिवल्याबिगर आत उतरत नव्हतो."

मी वास्तुविशारद नाही, पुरातत्त्वाची पदवीही माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून सुट्ट्यांमध्ये वाडे पाहत आणि त्यांची छायाचित्रे घेत हिंडलो, तेवढेच माझे शिक्षण. पण आजोबांच्या त्या वाक्याने एक गोष्ट पक्की कळली. ज्याला वाडा कसा बांधला आणि कसा वापरला हे ठाऊक आहे, त्यालाच तो कुठे दगा देईल हे ठाऊक असते. सुरक्षितपणा हा वेगळा विषय नाही. तो वास्तूच्या ज्ञानाचाच भाग आहे. अलीकडे बरीच तरुण मंडळी कॅमेरे घेऊन ओस वास्तूंकडे वळली आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही हा लेख.

वाडे ओस का पडले

प्रत्येक वाड्याची कहाणी निराळी, तरी काही कारणे पुन्हा पुन्हा भेटतात. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातले अनेक वाडे जळाले आणि घराणी शहरांकडे निघून गेली. त्याच वर्षीचा मुंबई कुळवहिवाट कायदा आणि त्यानुसार आलेला १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, यांमुळे जमीन कसणाऱ्याकडे गेली. ते न्याय्यच होते. पण ज्या उत्पन्नावर वाड्याची डागडुजी चाले ते आटले. पुढे वारस वाढले, सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर वीस-वीस नावे चढली. एका खांबाची दुरुस्ती करायची तर वीस जणांची संमती हवी. मग कुलूप हाच सर्वांना मान्य असलेला तोडगा ठरला.

मराठवाड्यात आणखी एक कारण घडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि दगड-मातीच्या घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. बावन्न गावांचे पुनर्वसन झाले, जुनी गावठाणे मागे राहिली. जिथे पडझड झाली नव्हती तिथेही लोकांच्या मनात दगडी भिंतीची धास्ती बसली.

वाडा उभा कसा राहतो, पडतो कसा

देशावरचा वाडा म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्याभोवती भिंतीचे आवरण. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्यांचा कडीपाट. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण, आणि घराचे माप खणांत सांगण्याची आपली रीत त्यातूनच आली. लाकूड गेले की काय उरते ते शनिवारवाड्यात दिसते. १८२८ च्या आगीत वरचे मजले गेले. आज आपण तट, दरवाजे आणि जोती पाहतो.

भिंत बाहेरून भक्कम दिसते. पण पुष्कळ ठिकाणी ती एकसंध नसते. आतला एक पदर, बाहेरचा एक पदर आणि मधली जागा दगडाच्या कपच्या व मातीने भरलेली. दोन्ही पदर सांधणारे लांब दगड मध्ये घातले नसतील, तर पावसाचे पाणी आत उतरते, माती फुगते आणि बाहेरचा पदर सुटू लागतो. भिंतीला पोट येते ते असे. किल्लारीच्या भूकंपात भिंतींचे पदर असेच सुटून कोसळले. म्हणून पोट आलेल्या भिंतीपासून तिच्या उंचीइतके तरी लांब राहावे. तिच्या सावलीत बसून डबा खाऊ नये.

दुसरा धोका डोक्यावर. धाब्याच्या घरावर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो आणि पावसाळ्यापूर्वी तो दरवर्षी नीट करावा लागतो. घर बंद झाले की हे काम थांबते, गवत उगवते, पिंपळ-उंबर मुळे धरतात. हिशेब करून पाहा. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद छतावर एक फूट जाडीची ओली माती असेल तर तिचे वजन सुमारे ५ टन भरते. हे ओझे ज्या कड्यांवर आहे त्यांची टोके भिंतीत रुतलेली असतात. ओल आणि वाळवी प्रथम तिथेच पोचते. मधला भाग ठणठणीत दिसतो आणि टोक मात्र भुसा झालेले असते.

त्यामुळे एक प्रचलित सल्ला इथे तपासून घ्यावा लागतो. पडक्या इमारतीत भिंतीच्या कडेने चालावे, तिथे जमीन मजबूत असते, असे सर्वसाधारणपणे सांगतात. वाड्याच्या माडीवर कडीचे सर्वांत कुजके टोक नेमके भिंतीपाशी असू शकते. माझा नियम सोपा आहे. जी माडी रोजच्या वापरात नाही तिच्यावर चढायचे नाही. खालून पेचकसाने लाकूड टोचून पाहता येते. टोक सहज रुतले किंवा ठोकल्यावर भद्द आवाज आला तर त्या खणाखालूनही जायचे नाही.

तिसरा धोका पायाखाली. धान्य साठवायला जमिनीत पेव असे, आत रुंद आणि तोंड अरुंद. भिंतीच्या जाडीत किंवा दोन भिंतींमध्ये बळद असे, त्याचे तोंड वरच्या बाजूला. धान्य श्वास घेते, हवेतला प्राणवायू संपवते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. तो वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो. रिकाम्या पेवात पाणी-पाचोळा कुजूनही हेच होते. कंदील दोरीने खाली सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. तो विझला तर प्राणवायू नाही हे कळते. पण विझला नाही म्हणजे हवा निर्दोष आहे असे ठरत नाही. आत कोणी कोसळले तर त्याला काढायला लगेच दुसऱ्याने उतरू नये. अशा अपघातात मदतीला गेलेला माणूसही जातो. पेव, तळघर, आड, भुयार यांची छायाचित्रे काठापासून दूर राहूनच घ्यावीत.

ऋतू आणि रहिवासी

दिवाळीची सुट्टी हा वाडे पाहायला निघण्याचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट काळ. भिंती पावसाने भिजलेल्या असतात, गवत कमरेइतके असते आणि पाऊल कुठे पडते ते दिसत नाही. माघ-फाल्गुन उत्तम. गवत वाळते, पाने गळून भेगा उघड्या पडतात आणि सकाळचे तिरपे ऊन चौकात येते.

वाडा ओस असला तरी रिकामा नसतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांना दगडांच्या फटी आवडतात. घोट्यावर येणारे बूट, हातात काठी आणि न पाहता कोनाड्यात हात न घालणे, एवढे पुरते. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काही न करता माणसाला स्थिर ठेवून १०८ क्रमांकाला फोन करावा. वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून एन-९५ मास्क हवा. उंच कमानीखाली आग्या मोहोळ असेल तर धूर, अत्तर, आरडाओरडा आणि फ्लॅश वर्ज्य. धनुर्वाताचे इंजेक्शन आधीच घेतलेले असावे. एकट्याने जाऊ नये, आणि कुठे गेलो व केव्हा परतणार हे घरी लिहून ठेवावे.

परवानगी

ओसाड म्हणजे बेवारस नव्हे. परवानगीवाचून आत शिरणे हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा ठरू शकते. पण कायद्याआधी गावाची नजर असते. कॅमेरा, विजेरी आणि मोजपट्टी घेऊन पडक्या वाड्यात फिरणारा परका माणूस गुप्तधनासाठीच आला, असा समज लगेच होतो. त्यात गावाची चूक नाही. खणून ठेवलेल्या देवघरांचे खड्डे मी स्वतः पाहिले आहेत. जमिनीत किंवा भिंतीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, हेही माहीत असावे. मी आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटतो, वारसांपैकी एकाशी फोनवर बोलतो आणि गावातलाच एखादा जाणता माणूस सोबत घेतो. पेवे कुठे आहेत हे त्यालाच ठाऊक असते.

छायाचित्र

सर्वांत महत्त्वाचा नियम मी पेवात शिकलो. डोळा कॅमेऱ्याला असताना पाय हलवायचा नाही. जागा बदलायची तर कॅमेरा खाली, नजर जमिनीवर. तिपाई इथे दुहेरी उपयोगाची. माजघरातला उजेड इतका कमी असतो की काही सेकंदांचे छायाचित्रण लागते, आणि तिपाई माणसालाही एका जागी थांबवते. क्रम ठरलेला असावा. आधी बाहेरच्या चारही बाजू, मग चौक, मग एक खांब तळखड्यापासून तुळईपर्यंत, मग सांधे, शेवटी नक्षी. शेजारी मापाची काठी, वहीत दिशा आणि तारीख. नक्षीचे छायाचित्र सगळेच घेतात; सांध्याचे घेतले तर तो सांधा पुन्हा घडवता येतो.

आता राहिली एक गोष्ट, जी सांगायला मला अवघड जाते. काही वर्षांपूर्वी एका वाड्याची माझी छायाचित्रे गावाच्या नावासह छापून आली. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा चौकात खांब नव्हते. आठ तळखडे ओळीने उघडे पडले होते, बाकी मातीचा ढीग. जुन्या सागाला आणि कोरीव हस्तांना शहरात मोठी किंमत येते. खांब कोणी नेले हे गावात कोणी सांगितले नाही. माझ्या लेखामुळेच ते गेले असे म्हणता येणार नाही, आणि नाही असेही मला म्हणता येत नाही. तेव्हापासून ओस वाड्याचे गाव मी छापत नाही. या लेखातही नाही.

त्या घराण्यातल्या एक आजी पुण्यात राहत. त्यांना मी सगळी छायाचित्रे मोठी करून नेऊन दिली. नक्षीवरून त्यांची नजर सरळ पुढे गेली. एका खांबावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, लाकूड झिजून गुळगुळीत झाले होते. तिथे बोट ठेवून त्या म्हणाल्या, "इथं दोरी बांधायची आई. पाळण्याची." मी तो खांब केवळ प्रमाणबद्ध आहे म्हणून टिपला होता. आता आम्ही ती झीजही वहीत नोंदवतो.