घूस (खानदेशातील)

घूस : स्तनी वर्गाच्या कृंतक (कुरतडणाऱ्या) गणातील म्युरिडी कुलात समाविष्ट होणारा, बिळे करून राहणारा प्राणी. मराठीत ‘घूस’ या एकाच नावाने दोन भिन्न जाती ओळखल्या जातात. घरे, गोठे व सांडपाण्याची गटारे यांच्या आसपास आढळणारी मोठी घूस ही बँडिकोटा इंडिका होय. शेतात बिळे करणारी लहान घूस ही बँडिकोटा बेंगालेन्सिस होय. जळगाव, धुळे व (१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला) नंदुरबार या जिल्ह्यांत पिकांच्या दृष्टीने दुसरी जाती अधिक महत्त्वाची आहे. जमिनीत बोगदे खणून मातीचे ढीग वर टाकण्याच्या सवयीमुळे तिची तुलना अमेरिकेतील गोफर या प्राण्याशी केली जाते. परंतु गोफर हा जिओमायडी या वेगळ्या कुलातील असून त्याच्या गालांना बाहेरून उघडणाऱ्या, केसाळ अस्तराच्या पिशव्या असतात. घुशीला अशा पिशव्या नसतात. दोहोंतील साम्य केवळ राहणीचे आहे, नात्याचे नाही.

‘बँडिकोटा’ हे प्रजातिनाम तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’ (डुक्कर-उंदीर) या शब्दावरून आले आहे. ऑस्ट्रेलियातील एका शिशुधान प्राण्यालाही यूरोपीय लोकांनी तेच नाव दिल्यामुळे पुष्कळ घोटाळा झाला आहे. मोठ्या घुशीचे वर्णन बेख्श्टाइन यांनी १८०० साली व लहान घुशीचे ग्रे यांनी १८३५ साली केले. पुढे १८३७ मध्ये ग्रे यांनीच धारवाडकडील नमुन्यांना ‘कोक’ असे नाव दिले. द्वीपकल्पातील लहान घुशींचा अंतर्भाव या नावाच्या उपजातीत करण्याची प्रथा पडली. लहान घूस मात्र बराच काळ प्रजातीवाचून भटकत राहिली. कोणी तिला नेसोकिया या प्रजातीत घातले, तर ऑल्डफील्ड टॉमस यांनी १९०७ साली तिच्याकरिता गुनोमिस ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. भारतीय कृंतकांवरील एलरमन यांच्या १९६१ च्या ग्रंथात ती बँडिकोटा या प्रजातीत आहे व तेच स्थान आज मान्य आहे. जुने अहवाल वाचताना ही तिन्ही नावे एकाच प्राण्याची असू शकतात, हे ध्यानात ठेवावे लागते.

दोन्ही जाती ओळखण्याची सोपी खूण मागच्या पावलाच्या लांबीत आहे. लहान घुशीत ते ४ सेंमी. पेक्षा सहसा अधिक नसते, मोठ्या घुशीत ते ४.५ सेंमी. हून अधिक असते. केवळ आकारावरून निर्णय करणे धोक्याचे, कारण मोठ्या घुशीचे पिलू लहान घुशीएवढेच दिसते. पूर्ण वाढलेली मोठी घूस १ किग्रॅ. पर्यंत भरते, लहान घूस क्वचितच ४०० ग्रॅमच्या पुढे जाते. लहान घुशीचे केस राठ व गडद तपकिरी, मुस्कट आखूड व रुंद आणि शेपूट शरीरापेक्षा आखूड असते.

लहान घुशीचा प्रसार पाकिस्तान, भारत, श्रीलंका, नेपाळ, बांगला देश व म्यानमार या देशांत आहे. खानदेशात तिचे वसतिस्थान जमिनीतील ओलाव्यावर ठरते. तापी, गिरणा व पांझरा या नद्यांकाठची ओलिताखालील काळी जमीन, रावेर–यावल भागातील केळीच्या बागा, उसाचे फड, पाटांचे काठ व शेतांचे बांध ही तिला मानवणारी ठिकाणे होत. सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड जमीन व कोरडवाहू माळ तिला फारसे सोसत नाहीत. तेथे हरणउंदीर (टाटेरा इंडिका) आढळतो. ओलित जसे वाढते तसा घुशीचा मुलूख वाढतो. पांझरेकाठी फड पद्धतीत मातीच्या पाटांतून सामाईक पाणी दिले जाते. अशा ठिकाणी काठ पोखरला गेला, तर एका शेतकऱ्याच्या हद्दीतील बीळ पाटाच्या शेवटी असलेल्या सर्वांचे पाणी तोडते.

कोरडवाहू काळ्या रानात मात्र घुशीच्या नावावर खपणारे बरेचसे नुकसान मिलार्डिया मेल्टाडा या मऊ केसांच्या शेतउंदराचे असते. हा खोल बीळ खणत नाही, तर उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीच्या भेगांत राहतो व पहिल्या जोरदार पावसात भेगा मिटल्या की मोठ्या संख्येने मरतो. वॉल्टर एलियट यांनी दक्षिण मराठा प्रदेशाविषयी नमूद केले आहे की, १८२६ साली पावसाची सुरुवात क्षीण झाल्यामुळे हे उंदीर वाचले, बेसुमार वाढले व पेरलेले बी त्यांनी उकरून खाल्ले. त्यांना मारण्यासाठी वडारांना धान्य देऊन कामास लावावे लागले. अवर्षणाच्या वर्षी उंदीर का वाढतात, याचे इतके स्वच्छ स्पष्टीकरण नंतरच्या लिखाणात क्वचितच आढळते.

घुशीचे गणित वेगळे आहे. ती बहुधा एका बिळात एकटीच किंवा पिलांसह राहते. बिळात घरटे व धान्याची कोठारे असतात आणि तोंडे ताज्या मातीने बंद केलेली असतात. कापणीच्या सुमारास ती कणसे तोडून कोठारात भरते. गर्भावधी सु. २३ दिवसांचा असून एका वेळी साधारणपणे ६–८ पिले होतात. संध्याकाळी सर्व बिळे बुजवून सकाळी उघडलेली बिळे मोजण्याची नेहमीची चाचणी घुशीच्या बाबतीत फसवी ठरू शकते, कारण ती स्वतःच बीळ बुजवते. ताज्या मातीचा ढीग हीच खरी खूण. झिंक फॉस्फाइडचे आमिष प्रथम विषाविना एकदोन दिवस खाऊ घालून मगच द्यावे लागते, अन्यथा ती त्यापासून सावध होते. धामण, मुंगूस, कोल्हा व गव्हाणी घुबड हे तिचे नैसर्गिक शत्रू होत.

प्राणिशास्त्रीय संशोधनात खानदेशाला एक मान आहे. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली सुरू केलेल्या भारतातील सस्तन प्राण्यांच्या पाहणीचा आरंभ येथूनच झाला. सी. ए. क्रंप यांनी नमुने गोळा केले व आर. सी. रॉटन यांचा पहिला अहवाल १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला.