सल्ल्याची फी आणि उपचाराचा हिशेब

फोनवरून किंवा व्हिडिओवरून डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या सेवांची तुलना करताना पहिला प्रश्न असतो तो फीचा. सरकारी ई-संजीवनी मोफत आहे, खासगी ॲपवर काही शे रुपये पडतात, नामांकित तज्ज्ञ त्याहून जास्त घेतो. मग स्वस्त ते निवडावे, इतका हा विचार सरळ वाटतो. धाराशिव शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, औशाच्या वाटेवर असलेल्या बेंबळीसारख्या गावातून हा हिशेब मांडला की तो लगेच अपुरा ठरतो. पडद्यावरचा डॉक्टर रक्त काढत नाही, पोट दाबून पाहत नाही, गोळ्याही हातात ठेवत नाही. सल्ला संपला की उरलेली सगळी कामे गावात किंवा तालुक्याला जाऊनच करावी लागतात आणि पैसे प्रामुख्याने तिथे जातात. म्हणून दूरवैद्यकाची किंमत सल्ल्याच्या फीवर न मोजता त्या आजाराच्या संपूर्ण उपचारावर मोजली पाहिजे. तशी मोजली, तर बेंबळीकराला सर्वांत उपयोगी ठरणारा पर्याय त्याच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये सापडत नाही. तो गावाजवळच्या उपकेंद्रात आहे.

महाराष्ट्रात आज या सेवेची तीन दारे आहेत. पहिले दार साहाय्यित सल्ल्याचे. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे गावकऱ्यांच्या बोलण्यातले सीएचओ, रुग्णाचा बीपी, शुगर, ताप तपासून ई-संजीवनीवरून डॉक्टरशी जोडून देतात. सी-डॅकच्या मोहाली केंद्राने घडवलेली ही यंत्रणा नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली. दुसरे दार एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीच्या काळात उघडले: ई-संजीवनी ओपीडी. तिथे रुग्ण स्वतःच्या फोनवरून नोंदणी करतो, टोकन घेतो आणि डॉक्टरशी बोलतो. फेब्रुवारी 2023 पर्यंत या दोन्ही मार्गांनी देशभरात दहा कोटी सल्ले झाले होते. तिसरे दार खासगी ॲपचे आणि व्हिडिओवर रुग्ण पाहणाऱ्या शहरी रुग्णालयांचे. यांच्या जोडीला दोन मदतवाहिन्या आहेत: आरोग्य सल्ल्यासाठी 104 आणि मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून चालणारी टेलि-मानस, क्रमांक 14416. तातडीच्या प्रसंगी मात्र यांपैकी एकही दार कामाचे नाही. छातीत कळ आली किंवा साप चावला तर 108 लाच फोन केला पाहिजे.

फोनवरच्या उपचाराला कायद्याची चौकट मिळाली ती उशिरा. रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात डॉक्टर हजर नसताना फोनवरच्या सूचनांनी उपचार चालले आणि प्रसूतीनंतर पुन्हा दाखल झालेली महिला दगावली. जुलै 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन फेटाळला, तेव्हा फोनवर औषध सांगावे की नाही याचीच धास्ती राज्यभरच्या डॉक्टरांनी घेतली. ही संदिग्धता 25 मार्च 2020 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी दूर केली. नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही रुग्णाला दुरून सल्ला देऊ शकतो. त्याने चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहायचा, रुग्णाची ओळख पटवायची, नोंद ठेवायची आणि घेतलेल्या पैशांची पावती द्यायची. औषधांवर मात्र पायरीपायरीने बंधने आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी औषधे कुठल्याही माध्यमातून सांगता येतात. त्वचेवरची काही मलमे किंवा डोळ्यांचे थेंब पहिल्याच भेटीत लिहायचे, तर व्हिडिओ हवा. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या चालू उपचारात नवी गोळी वाढवायची, तर ती फेरभेट असावी लागते, म्हणजे त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरने मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासणी केलेली असावी लागते. गुंगीची आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारी नियंत्रित औषधे दुरून लिहिता येत नाहीत. या नियमांचा रोख उघड आहे: आजार जितका जुना आणि गुंतागुंतीचा, तितकी प्रत्यक्ष तपासणीची गरज जास्त. प्रत्यक्ष तपासणीची सोय जवळ नसेल, तर नियमानेच दूरवैद्यक सर्दी-खोकल्यापुरते उरते.

आता खर्च पाहू. बेंबळीहून धाराशिवला जाणाऱ्या बाईला मार्च 2023 पासून एसटीत निम्मे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास फुकट आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या महाविद्यालयीन रुग्णालयांना मात्र तो निर्णय लागू नव्हता. म्हणजे ॲपच्या जाहिरातीत वाचणारा म्हणून दाखवला जाणारा प्रवासखर्च आणि केस पेपरचा खर्च इथे आधीच उतरलेला आहे. खरोखर बुडतो तो दिवसाचा रोज; आणि सोबत कुणी गेले तर दोघांचा. साध्या तापासाठी फोनवरचा सल्ला हा रोज वाचवतो, यात शंका नाही. पण शुगरच्या रुग्णाला ॲपवरच्या डॉक्टरने रक्ततपासणी लिहून दिली, की त्याला तालुका गाठावाच लागतो. रोज बुडतो, फी वेगळी जाते आणि मेडिकलमधल्या गोळ्यांचे बिल त्याहून वेगळे. उपकेंद्र स्तरावरच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात शंभराहून अधिक औषधे आणि 14 तपासण्या मोफत असाव्यात, असा सरकारी निकष आहे. तो पाळला गेला, तर सल्ला, तपासणी आणि औषध एकाच खोलीत मिळते. विम्याचाही इथे फारसा आधार नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. विमा नियामकाने जून 2020 मध्ये दूरसल्ल्याचा खर्च मान्य करण्यास सांगितले खरे, पण मूळ पॉलिसीत सल्ल्याचा खर्च धरलेला असेल तरच.

जबाबदारीच्या बाबतीत मात्र मोफत सेवेची बाजू लंगडी आहे, हे मान्य केले पाहिजे. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या 1995 च्या निकालाने पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्याखाली आणला आणि सर्वांना सरसकट मोफत मिळणारा उपचार त्याबाहेर ठेवला. ॲपवर फी भरणारा बेंबळीकर ग्राहक आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कंपनी मुंबईची असो वा बंगळुरूची, तो राहत्या जिल्ह्यात, म्हणजे धाराशिवच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. ई-संजीवनीवरच्या रुग्णाला हा मार्ग बंद आहे. डॉक्टरविरुद्ध वैद्यक परिषदेकडे जाणे किंवा दिवाणी दावा लावणे एवढेच त्याच्या हाती उरते. खासगी बाजूलाही फट आहे. महाराष्ट्राने केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही. इथे 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याच्या 2021 च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले, पण ते रुग्णालयाच्या भिंतीवर. ज्याला भिंतच नाही, त्या ॲपला हा नियम कसा लावायचा, याचा विचार त्यात नाही.

साहाय्यित सल्ल्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला: प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना उपकेंद्राची पायरी कशाला चढायची? पण तो हात कुणाचा, हे पाहावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात निम्म्याहून थोड्याच अधिक निघाल्या. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर पाळीचा त्रास सांगणे किती बायकांना जमेल? दुसरा: सरकारी सल्ले उद्दिष्ट गाठण्यासाठी उरकले जातात. ही भीती निराधार नाही. काम मोजायचे माप 'किती सल्ले झाले' हे असेल, तर किरकोळ तक्रारींचे कॉल वाढणारच. त्यावर उपाय माप बदलण्याचा आहे: किती रुग्णांना सांगितलेली औषधे तिथल्या तिथे मिळाली, कितींची फेरभेट झाली, किती जणांचा बीपी आटोक्यात आला, हे मोजावे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: कॅमेरा आला की डॉक्टरांची रिक्त पदे भरण्याची निकड संपते. धाराशिवसारख्या, निती आयोगाच्या आकांक्षित यादीतल्या जिल्ह्याने हा धोका ओळखलाच पाहिजे. पण वर सांगितलेले नियमच या पळवाटेच्या आड येतात. फेरभेटीसाठी आधी प्रत्यक्ष तपासणी लागते, म्हणजे जवळ कुणीतरी डॉक्टर असावाच लागतो. दूरवैद्यकाने प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्या पाठीशी तज्ज्ञ उभा करायचा असतो; त्या डॉक्टरची खुर्ची रिकामी ठेवायला ते निमित्त ठरू नये.

या जिल्ह्यापुरते दूरवैद्यकाचे सर्वांत मोठे काम वेगळेच आहे. दिवाळी उरकली की इथली कित्येक कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शुगर, बीपी आणि गरोदरपण मात्र सोबतच जातात. गावातला उपचार तुटतो, फडावर नवा डॉक्टर, नवी चिठ्ठी, नव्या गोळ्या. नियमानुसार डॉक्टरला राज्याची सीमा आड येत नाही. प्रत्यक्ष तपासणी जाण्याआधी झालेली असेल, तर सहा महिन्यांची मुदत गळीत हंगामाचा बराचसा काळ झाकते. म्हणजे ओळखीच्या डॉक्टरनेच कोपीवरच्या, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतल्या, रुग्णाची फेरभेट घेणे आज कायद्याने शक्य आहे. अडते ते व्यवस्थेत, कारण रांगेतला कॉल मोकळ्या असलेल्या डॉक्टरकडे जातो. तोच डॉक्टर मिळण्याची हमी सरकारी मंचाने दिली, तर कुठल्याही ॲपला जमणार नाही असे काम तो करील.

म्हणून बेंबळीकराने कोणताही पर्याय निवडण्याआधी चार प्रश्न विचारावेत: तपासणी कुठे होईल, औषध कुठे मिळेल, पुढच्या वेळी हाच डॉक्टर असेल का, आणि चूक झाली तर दाद कुणाकडे मागायची? आज पहिल्या दोन प्रश्नांचे चांगले उत्तर उपकेंद्राकडे असू शकते, चौथ्याचे खासगी सेवेकडे आहे आणि तिसऱ्याचे खात्रीचे उत्तर सहसा कुणाकडेच नसते. राज्य सरकारला यात नवे ॲप काढण्याची गरज नाही. उपकेंद्रातल्या औषधांचा साठा रोज फलकावर लावणे, फेरभेटीला डॉक्टर बांधून देणे, मोफत सल्ल्यासाठीही जिल्हा पातळीवर मुदतबंद तक्रार निवारण ठेवणे आणि दरपत्रकाचा नियम पडद्यावरच्या दवाखान्यालाही लावणे, एवढे केले तरी पुरे. तोवर मोफत आणि सशुल्क यांची तुलना म्हणजे उपचाराच्या सर्वांत स्वस्त भागाचीच तुलना.