तपासणी झाली, दाढेचं काय?

मूल पहिलीत जातं, त्याच सुमारास त्याच्या तोंडात एक दाढ गुपचूप येते. ती कुठल्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही. सगळ्यांच्या मागे, हिरडीतून थेट वर निघते. त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. लागलाच, तर ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून सोडून दिलं जातं. प्रत्यक्षात ती जन्मभराची दाढ असते. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात. ब्रशचे केस तिथपर्यंत पोचत नाहीत, बिस्किटाचा चिकट लगदा मात्र नेमका तिथंच जाऊन बसतो. कितीतरी मुलांची ही दाढ प्राथमिक शाळा संपायच्या आतच किडते.

म्हणजे ती वाचवायची तर शाळेतच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली. त्यात तपासायच्या ३० आजारांच्या आणि व्याधींच्या यादीत दंतक्षय आहे. पथकाची गाडी वर्षातून एकदा शाळेत येते. रांग लागते, ‘आ कर’ म्हणत बॅटरीच्या उजेडात तोंडात पाहिलं जातं, कार्डावर नोंद होते. आयुष डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका यांच्या या पथकाला हृदयविकारापासून डोळ्यांच्या नंबरापर्यंत सगळं एकाच फेरीत पाहायचं असतं, आणि ते काम मोलाचं आहे. पण पथकात दंतवैद्य नसतो. किडलेल्या दाढेसाठी मिळते ती पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी. उपचार मोफत असले, तरी तालुक्याला जायचं म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडते. दाढ ठणकत नाही तोवर चिठ्ठी दप्तरात राहते, आणि ठणकू लागते तेव्हा बरेचदा ती काढण्याचीच वेळ आलेली असते.

हा पेच न्यूझीलंडने शंभर वर्षांपूर्वी सोडवला. पहिल्या महायुद्धात भरतीला आलेल्या तरुणांचे दात फार वाईट निघाले, आणि सरकारचे डोळे उघडले. थॉमस हंटर यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये वेलिंग्टनला तरुण मुलींना दोन वर्षांचं प्रशिक्षण देऊन शालेय दंत परिचारिका घडवायला सुरुवात झाली. शाळेच्या आवारातल्या दवाखान्यात त्या मुलांचे दात भरत. पायाने चालणाऱ्या ड्रिलच्या धास्तीने मुलं त्या खोलीला ‘खुनाचं घर’ म्हणत, हेही खरं. तरी उपचार मुलापर्यंत चालत गेला, ही त्या देशाची मोठी कमाई.

आता अनेकदा ड्रिलचीही गरज पडत नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या द्रवाचा थेंब किडीवर लावला की ती बहुतेक वेळा थांबते. तेवढी जागा काळी पडते. पालकांना ते आधीच सांगून त्यांची संमती घ्यावी लागते. लहान पोकळी हाती अवजाराने साफ करून ग्लास आयोनोमर सिमेंटने भरता येते. ना वीज लागते, ना दंतवैद्याची खुर्ची; मुलाला वर्गातल्या बाकावर आडवं केलं तरी भागतं. हे दोन्ही, आणि फ्लोराइडची टूथपेस्ट, २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले.

आपल्याकडे हे डोळे मिटून मात्र करता येणार नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जादा आहे. तिथं आधी पाणी तपासायला हवं. काही घरांत अजून मिश्रीने दात घासले जातात, आणि मोठ्यांचं पाहून मुलंही बोट डबीत घालतात. तंबाखूची ही सवय मोडायला एक तपासणी पुरणार नाही. जेवणानंतर नळावर रोज हात धुतले जातात, तिथंच बाईंच्या देखरेखीखाली सगळ्या वर्गाने दात घासले तर ते जमू शकेल. स्कॉटलंडच्या बालवाड्यांत मुलं रोज अशीच एकत्र दात घासतात.

शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या पालकांनी पुढच्या सभेत दोनच प्रश्न विचारावेत : गेल्या तपासणीत दातांसाठी किती मुलांना चिठ्ठ्या दिल्या, आणि त्यांतल्या किती जणांवर खरोखर उपचार झाले? दुसरा आकडा कमी निघाला, तर जवळच्या दंत महाविद्यालयाला शाळेत येण्याचं पत्र त्याच सभेत लिहावं.