जादा झालेला माणूस

१९९३ सालच्या एका शुक्रवारी कंपनीचे पत्र हातात पडले. मी 'रिडंडंट' झालो होतो. रात्री दादरला फोन लावला. आईने विचारले, "म्हणजे काय झालं रे?" मी म्हटले, "कामावरून कमी केलं." मग लक्षात आले, मराठीत माणसाला 'कमी' करतात, इंग्रजीत तो 'जादा' होतो! मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ओसंडून वाहणे.

गंमत अशी (त्या दिवशी मुळीच वाटली नव्हती), की मी रेल्वे सिग्नलचा इंजिनिअर. यंत्रणेत रिडंडन्सी घालण्यातच माझी उमेदीची वर्षे गेली. १९८५ साली लेमिंग्टन स्पा येथे ब्रिटिश रेल्वेने संगणकावर चालणारे इंटरलॉकिंग प्रथम बसवले. त्यात एकाच कामाला तीन प्रोसेसर. तिघेही तोच हिशेब करतात. एकाचे उत्तर वेगळे आले, की उरलेले दोघे त्याला बाजूला सारतात आणि गाड्या चालू राहतात. पुढे त्या दोघांचेही जमेना, तर यंत्रणा काम थांबवते आणि सिग्नल लाल होतात. हिशेबनीस विचारणारच, "बाकीचे दोन कशाला?" गाडीत बसलेल्यांसाठी, साहेब.

पण नुसती नक्कल पुरत नाही. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे युरोपचे रॉकेट उड्डाणानंतर चाळीसएक सेकंदांत नष्ट झाले. दिशा मोजणारी उपकरणे दोन होती, परंतु प्रोग्राम एकच. एक आकडा त्याला दिलेल्या जागेत मावला नाही आणि दोन्ही एकाच कारणाने बंद पडली. दोघा भावांनी एकाच वहीतून चुकीचे गणित उतरवून घ्यावे, तसे. अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये पाच संगणक असत. चारांवर एक प्रोग्राम, पाचव्यावर मुद्दाम दुसऱ्या लोकांनी लिहिलेला.

भाषेचेही तेच. 'माझी मोठी बहीण आली' या चार शब्दांत बहीण स्त्री आहे हे आपण चारदा सांगतो! उधळपट्टीच. पण मुंबईच्या खरखरत्या लाइनवर '...झी मो... ...हीण आली' एवढेच ऐकू आले, तरी कोण आले ते कळायचे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली अंदाज बांधला, की इंग्रजी लिखाणातला सुमारे निम्मा भाग असा जादा असतो. आपली पावरोटी घ्या. पोर्तुगीज 'पाव' म्हणजेच रोटी.

राहिला कायदा. ब्रिटनमध्ये १९६५ पासून भरपाईचा हक्क आहे. सलग दोन वर्षे नोकरी हवी. रक्कम वय, सेवेची वर्षे आणि आठवड्याचा पगार यांवर ठरते. कायद्याच्या दृष्टीने जादा होते ती जागा, माणूस नव्हे. पत्रातही तसेच लिहिले होते. घरी हप्ते भरायचे होते, मुलीची शाळा होती; त्या फरकाने फारसा धीर आला नाही.

आमच्याकडे सिग्नलचा आराखडा एकाने काढायचा, दुसऱ्याने तपासायचा आणि तिसऱ्याने, आधीच्या दोघांचे कागद न पाहता, पुन्हा तपासायचा, अशी पद्धत होती. तो तिसरा मी. माझ्या जागी कोणालाही घेतले नाही.

सात महिन्यांनी त्याच कचेरीतून फोन आला. एक मोठा आराखडा तपासायला बाहेरचा माणूस हवा होता, कंत्राटावर, रोजाच्या दराने. आईला कळवले. ती म्हणाली, "आधीच्या पगारापेक्षा जास्त माग."

मागितला. मिळाला.